शाळेत मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन लावताना सुरुवात कुणापासून करावी, आणि फोन नसलेल्या मुलांचं काय?

तुमच्या शाळेत शंभरावर कर्मचारी आणि हजारभर विद्यार्थी आहेत, सगळ्यांच्या खात्यांना मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन (म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा, उदाहरणार्थ फोनवरचा कोड) लावा असं व्यवस्थापनाने सांगितलंय, आणि एकाच दिवशी सगळ्यांना चालू करावं का, हे तुम्ही विचारताय. माझं मत: अजिबात नको. मुलांना तर कर्मचाऱ्यांचेच नियम लावूच नका.

कुणाच्या खात्यातून किती जणांची माहिती दिसते, त्यावरून क्रम ठरवा. आधी ॲडमिन (सगळी खाती सांभाळणारे), मग फी, निकाल आणि प्रवेशाचं काम बघणारं ऑफिस, मग मुख्याध्यापक आणि शिक्षक, शेवटी विद्यार्थी. २०२४च्या डिसेंबरमध्ये पॉवरस्कूल या शाळांच्या माहिती-प्रणालीतून डेटा चोरीला गेला तो सपोर्ट पोर्टलच्या चोरलेल्या लॉगिनने. चौथीतल्या कुणाचा पासवर्ड फुटून अशा गोष्टी होत नाहीत. ॲडमिन मात्र एकटा नको, निदान दोघे हवेत. दोघांकडे हार्डवेअर सिक्युरिटी की (लॉगिनच्या वेळी जोडायचं पेनड्राइव्हसारखं छोटं उपकरण) द्या, आणि अडीनडीसाठी एक वेगळं ॲडमिन खातं करून त्याची की तिजोरीत ठेवा.

शिक्षकांकडून हमखास येणारा विरोध म्हणजे ‘माझ्या खासगी फोनमध्ये शाळेचं ॲप कशाला?’ तो समजून घ्या, उडवून लावू नका. साधं ऑथेंटिकेटर ॲप शाळेला काहीही कळवत नाही. नोंदणीच्या वेळी क्यूआर कोडमधून एक गुप्त किल्ली फोनमध्ये येते, आणि पुढे ती किल्ली व घड्याळ यांच्यावरून दर ३० सेकंदांनी नवा ६ आकडी कोड तयार होतो. इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. (कोड सारखा चुकतोय अशी तक्रार आली तर आधी फोनची वेळ ऑटोमॅटिकवर आहे का ते बघा.) एवढं सांगूनही कुणी नको म्हटलं तर वाद घालू नका, सरळ हार्डवेअर की द्या. एसएमएसवरचा ओटीपी हा शेवटचा पर्याय. तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिमवर वळवून तो पळवता येतो. अर्थात काहीच नसण्यापेक्षा तो बरा. खोट्या लॉगिन पानावर मात्र माणूस ॲपमधला कोडही टाकून बसतो. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा लॅपटॉपच्या लॉकने होणारं लॉगिन) आणि सिक्युरिटी की तिथे फसत नाहीत, कारण त्या साइटच्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेल्या असतात.

नोंदणी प्रत्यक्ष बसवून करून घ्या. ‘पुढच्या लॉगिनला प्रत्येकाने आपापलं करावं’ असं ठेवलं, तर ज्याचा पासवर्ड आधीच फुटलाय त्याच्या खात्यावर चोरच पहिला स्वतःचा फोन जोडून मोकळा होतो.

आता मुलं. लहान वर्गांत फोन नसतो, आणि असला तरी शाळेत आणू देत नाहीत. पालकांच्या फोनवर कोड पाठवायची कल्पना मीटिंगमध्ये कुणीतरी काढणारच, पण मूल वर्गात, फोन पालकांबरोबर कामावर, आणि पहिला तास लॉगिनमध्येच गेला. काही शाळा क्यूआर बॅज देतात, म्हणजे कॅमेऱ्याला दाखवून लॉगिन करायचं कार्ड. सोय म्हणून उत्तम, पण बॅज पासवर्डची जागा घेतो, त्याने दुसरा घटक येत नाही. ज्याच्या हाती बॅज, त्याचं खातं. त्यापेक्षा लहान मुलांच्या खात्यातून फारसं नुकसानच होऊ शकणार नाही असं बघा: शाळेबाहेरची मेल बंद, बाहेरच्या ॲप्सना परवानगी बंद, आणि जमेल तिथे लॉगिन फक्त शाळेच्या डिव्हाइसवरून. मोठ्या वर्गांत स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप असलेल्यांना आधी ऐच्छिक ठेवा, सक्ती नंतर. परीक्षांच्या तोंडावर तर काहीच बदलू नका.

खरी कसोटी फोन हरवल्यावर लागते. शाळेची खाती गूगलची असतील तर प्रत्येकाला फोन नसताना वापरायचे १० बॅकअप कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो. ते छापून घरी ठेवायला सांगा. बरेच जण ते त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये ठेवतात, म्हणजे खातं उघडायला खातं उघडं लागतं! आणि ‘मी अमुक सर बोलतोय, जरा रिसेट करून द्या’ अशा फोनवर कुणीही रिसेट करायचं नाही. समोर बोलवायचं, नाहीतर नोंदीतल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. मुख्याध्यापकांनाही हाच नियम, आणि तो त्यांच्याच सहीने लेखी काढून घ्या, म्हणजे ऑफिसमधल्या क्लार्कला नाही म्हणता येईल.

एक राहिलंच. ऑफिसचं स्कॅन करून मेल पाठवणारं जुनं झेरॉक्स मशीन कदाचित कुणाच्या तरी खात्याचा नुसता पासवर्ड वापरत असेल. सक्ती चालू झाली की ते गुपचूप बंद पडतं, म्हणून ते कोणाच्या खात्यावर चालतंय ते आधी शोधा आणि त्याची वेगळी सोय लावूनच तारीख जाहीर करा.