गावच्या शाळेत मुलांना शेतातली सुरक्षितता आणि चांगल्या सवयी शिकवायच्या आहेत. एका तासात काय घ्यावं?

चोपडा तालुक्यातली शाळा, पाचवी ते सातवीची मुलं, आणि साप, विहीर, ट्रॅक्टर, हात धुणं असं सगळं घ्यायचंय म्हणता. सगळं घेऊ नका. तासाभरात आठ विषय कोंबले की पोरं टाळ्या वाजवून घरी जातात आणि संध्याकाळी पुन्हा तेच करतात. कपाशीच्या पट्ट्यात जुलै ते ऑक्टोबरमध्ये विषय एकच: फवारणी.

"पोरगं फवारत नाही हो, नुसतं पाणी आणून देतं." चांगली शिकलेली माणसंही हे सांगतात आणि माझा दर वेळी वाद होतो. हिशोब करा. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर १६ लिटरचा पंप बारा-तेरा वेळा भरावा लागतो. पोरगं बादली आणतं, बूच उघडतं, झाकणाने औषध मोजतं, काडी सापडली नाही तर हातानेच ढवळतं. लिटरला २ मिली हे माप असेल तर डब्यातलं औषध पंपातल्या पाण्यापेक्षा ५०० पट तीव्र असतं. म्हणजे हातावर सांडलेल्या २ मिलीत लिटरभर फवाऱ्याएवढं विष. बाप पातळ औषध मारतो आणि घट्ट औषधाला हात लेकरू लावतं! वर लहान अंगाला वजनाच्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे तेवढंच औषध त्याला जास्त बाधतं. २०१७ साली यवतमाळात फवारणीने माणसं दगावली, ती मोठी, धडधाकट होती.

हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. कोरा पंप घ्या, औषधाला कधीच न वापरलेला; धुतलेला जुना चालणार नाही. त्यात कपड्याची नीळ कालवा. एका मोठ्या माणसाला जुना पांढरा शर्ट-पायजमा घालून पटांगणाच्या कडेच्या झुडपांवर फवारत पुढे चालायला लावा. मांड्या आणि नडग्या निळ्या होतील, कारण माणूस स्वतःच्याच फवाऱ्यात शिरतो. झाकण सैल असेल तर पाठ भिजेल, नळीचा जोड गळत असेल तर मनगट. मग वाऱ्याकडे तोंड करून दोन मिनिटं मारायला सांगा. पुढचं मुलंच बोलतील.

हात धुण्याचं याच तासात बसतं. गोडेतेलात तव्यामागची काजळी कालवून मुलांच्या हाताला चोळा. बरीच औषधं तेलकट असतात. नुसत्या पाण्याने काळं निघत नाही, साबणाने निघतं, तरी नखांच्या कडेला राहतं. शेतात भाकरी खाण्याआधी साबण का, ते यावरून कळतं. साबणाची वडी पंपाच्या पिशवीतच ठेवायची, घरी ठेवून उपयोग नाही.

डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग मुलं चटकन शिकतात: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनधोक, असं मात्र त्यांच्या डोक्यात बसू देऊ नका. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं आणि बुडाला भोक पाडायचं, हे मोठ्यांचं काम. मुलांना नियम एवढाच: औषधाच्या डब्याला हात लावायचा नाही, भोक असो वा नसो. आणि औषध थंड पेयाच्या बाटलीत काढणाऱ्याला घरातल्यांनीच झापलं पाहिजे. तणनाशकातल्या पॅराक्वाटला उतारा नाही, एक घोटही जीव घेतो.

मुलींना या तासातून वगळू नका. फवारणीचे कपडे बहुतेक घरांत त्याच धुतात, तेही सगळ्यांच्या कपड्यांत मिसळून. ते वेगळे, हातमोजे घालून धुवायचे.

लाळ, घाम, उलटी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली तर कपडे काढून अंग साबणाने धुवायचं (धुणाऱ्यानेही हातमोजे घालून), १०८ ला फोन करायचा आणि डबा सोबत न्यायचा. दूध-तूप पाजून ओकारी काढायची नाही.

मुलांना शेतात नेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. निंदणी करू द्या, गुरं राखू द्या. चौदाच्या आतल्या मुलाने शाळा सुटल्यावर घरच्या शेतात हातभार लावायला कायद्याचीही ना नाही, फक्त काम धोक्याचं नको. आणि गावात प्लास्टिक कागदाची शेततळी असतील तर तो दुसरा तास ठेवा: ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहता येणाराही वर चढू शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले हवेत.

पोस्टरसाठी तालुका कृषी कार्यालयात किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मिळाली तर शाळेत लावू नका, औषधाच्या दुकानात काउंटरसमोर लावा. पोराला पाणी आणायला धाडणारा बाप तिथे उभा असतो.