ऑथेल्लो: आधी कानाने ऐक, मग टिपा वाच

अगं,

तुझा मेसेज मिळाला. शेक्सपिअरचं ऑथेल्लो अभ्यासाला आहे, इंग्रजी जड जातंय, म्हणून ऑडिओ ऐकला तर चालेल का की ती चीटिंग होईल असं विचारलंयस. चालेल काय, ऐकायलाच पाहिजे! नाटक आहे ते. १६०४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला व्हाइटहॉल राजवाड्यात राजासमोर प्रयोग झाल्याची नोंद आहे आणि पुस्तक छापलं गेलं ते थेट १६२२ मध्ये, शेक्सपिअर जाऊन सहा वर्षं झाल्यावर. म्हणजे मधली अठरा वर्षं लोकांनी हे नाटक नुसतं पाहिलं आणि ऐकलं, आणि त्यांचं काही अडलं नाही.

पण ऐकून तिथेच थांबू नकोस, माझा सगळा जोर यावर आहे. कानाला जे कळतं ते टिपांमध्ये नसतं आणि टिपांमध्ये जे असतं ते कानाला कधीच कळत नाही, आणि तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश तर दोन्ही घेतल्याशिवाय हाताला लागतच नाही.

पहिल्या वेळी पुस्तक बंद ठेव, हेडफोन लाव आणि अख्खं नाटक ऐकून काढ. तीनेक तास लागतील, दोन बैठकींत कर. शब्द अडले तर अडू देत, मध्ये थांबवून डिक्शनरी उघडू नकोस. मग तिसऱ्या अंकाचा तो तिसरा प्रवेश परत लाव. ऑथेल्लो हा व्हेनिसचा काळा सेनापती, डेस्डेमोना त्याची बायको, कॅसिओ त्याचा दुय्यम अधिकारी आणि इयागो त्याच्या मनात संशय पेरणारा हाताखालचा माणूस. कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जातो, ऑथेल्लो आणि इयागो आत येतात आणि इयागो म्हणतो, हं, हे काही मला बरं दिसत नाही. बास, एवढंच. कागदावर ही एवढीशी ओळ आहे, डोळा सर्रकन पुढे निघून जातो. ऐकताना मात्र नटाला काहीतरी ठरवावंच लागतं, हे तो स्वतःशी पुटपुटतोय की पुटपुटल्यासारखं करून मुद्दाम ऐकवतोय. मग ऑथेल्लो विचारतो काय म्हणालास, हा म्हणतो काही नाही. थोड्या वेळाने ऑथेल्लो विचारतो, कॅसिओ प्रामाणिक नाही का? हा म्हणतो, प्रामाणिक, महाराज? तुला काय वाटतं? वाटतं, महाराज? एक आरोप करत नाही गं तो, नुसता समोरच्याचा शब्द समोरच्याच्या हातात परत देतो आणि मध्ये गप्प बसतो. ते गप्प बसणं छापता येत नाही, ते फक्त ऐकू येतं. म्हणून दोन वेगळ्या रेकॉर्डिंगमध्ये हीच पाच मिनिटं ऐक, दोन वेगळे इयागो भेटतील.

आता उलटी बाजू बघ. त्याच प्रवेशात डेस्डेमोनाचा रुमाल पडतो, पुढे इयागो तोच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतो, सगळं त्याच्यावर उभं आहे. ऑथेल्लो म्हणतो डोकं दुखतंय, डेस्डेमोना रुमाल बांधायला जाते, तो म्हणतो तुझा रुमाल फार लहान आहे, राहू दे, आणि दोघं आत जातात. ऑडिओत तुला काहीही कळणार नाही, कापडाला पडताना आवाज होत नाही, इयागोची बायको एमिलिया बोलायला लागली की मग समजतं की रुमाल इथेच कुठेतरी पडलेला होता. इथे सटीप आवृत्ती, म्हणजे टिपा दिलेलं पुस्तक, उघड. रुमाल पडल्याची रंगसूचना कंसात दिसेल, कारण ती १६२२ आणि १६२३ च्या जुन्या दोन्ही छापील प्रतींमध्ये नाहीच, नंतरच्या संपादकांनी घातलेली आहे. तिच्या हातून निसटला की त्याने झटकला? आणि राहू दे म्हणजे काय राहू दे, डोकेदुखी की तो रुमाल? नवऱ्याने झटकलेला रुमाल पुढे तोच नवरा बायकोकडे मागतो असं असेल तर सगळ्या शोकांतिकेचा रंग बदलतो. पुढे अजून एक आहे. त्याच अंकाच्या चौथ्या प्रवेशात ऑथेल्लो सांगतो की हा रुमाल एका इजिप्शियन बाईने माझ्या आईला दिला, आणि शेवटच्या अंकात सांगतो की वडिलांनी आईला दिला. ऐकताना हे कोणाच्या लक्षात येणार, मधे इतकं रामायण झालेलं असतं. टीप तुला तिथे थांबवते.

काळाचंही तसंच. सायप्रस बेटावर सगळे उतरतात, त्या रात्री दारू आणि मारामारी, दुसऱ्या दिवशी संशय, दुसऱ्या रात्री डेस्डेमोनाचा खून. आणि मधेच कॅसिओची मैत्रीण बियांका त्याला म्हणते की सात दिवस सात रात्री तू फिरकला नाहीस, तास मोजून सांगते ती, एकशे अडुसष्ट! ऐकताना हे खटकत नाही आणि खटकू नये अशीच रचना आहे. टिपांमध्ये याला दुहेरी काळ म्हणतात, तो भाग नीट वाच, परीक्षेलाही विचारतात.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर गोंधळशील. पुस्तकात बघत ऐकायला लागलीस की ओळी जुळणार नाहीत. १६२२ ची क्वार्टो (या एकाच नाटकाचं छोट्या आकाराचं पुस्तक) आणि १६२३ ची फोलिओ (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह) या दोन प्रती वेगळ्या आहेत. फोलिओत साधारण १६० ओळी जास्त आहेत, डेस्डेमोनाचं विलोचं गाणं फोलिओत आहे आणि क्वार्टोत नाही. उलट क्वार्टोत शपथा भरपूर, १६०६ च्या कायद्याने रंगमंचावर देवाचं नाव घेऊन शपथ घालायला बंदी आली आणि फोलिओत त्या गाळलेल्या दिसतात. इयागोचं पहिलंच वाक्य क्वार्टोत शपथेने सुरू होतं, फोलिओत ती शपथ नाही. त्यामुळे नट चुकला असं लगेच समजू नकोस, आधी पानाच्या तळाशी बघ.

आता काय घ्यायचं ते. ऐकायला आर्केंजेल या ऑडिओ मालिकेतलं पूर्ण नाटक चांगलं, डॉन वॉरिंग्टन ऑथेल्लो आणि डेव्हिड थ्रेलफॉल इयागो. नॅक्सॉस कंपनीचं ह्यू क्वार्शी (ऑथेल्लो) आणि अँटन लेसर (इयागो) यांचंही छान आहे. फुकट हवं असेल तर लिब्रिव्हॉक्स ही वेबसाइट आहे, पण तिथे हौशी लोक वाचतात, एक आवाज उत्तम तर पुढचा सपाट, म्हणून पहिल्यांदा ते नको. पॉल रॉबसन या काळ्या अमेरिकन नटाचं १९४४ चं रेकॉर्डिंग मात्र चुकवू नकोस. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर त्याने ऑथेल्लोचा रोल केला, २९६ प्रयोग झाले, आणि त्याच नटसंचाने नंतर रेकॉर्डिंग केलं. कापलेलं आहे, पुस्तक घेऊन त्याच्या मागे धावू नकोस, नुसता तो आवाज ऐक. काळ्या माणसाच्या तोंडून पहिल्या अंकातलं व्हेनिसच्या सिनेटसमोरचं ऑथेल्लोचं भाषण कसं लागतं ते तुला आतून कळेल.

पुस्तक एकच विकत घ्यायचं तर आर्डेन या सटीप आवृत्तीची तिसरी मालिका, हॉनिगमनच्या टिपा आणि २०१६ ची अयाना थॉम्प्सनची नवी प्रस्तावना असलेली. बजेट नसेल तर फोल्जर लायब्ररीची आवृत्ती घे, उजव्या पानावर नाटक आणि समोर डावीकडे टिपा, ऐकता ऐकता बघायला फार सोयीचं. त्यांची नुसती संहिता ऑनलाइन फुकट आहे. फर्नेसचं १८८६ चं व्हेरिओरम, म्हणजे पाठभेद आणि टीका गोळा केलेली आवृत्ती, पण नेटवर मिळतं, त्यात जुन्या सगळ्या टीकाकारांची मतं एकत्र आहेत, पण ते शेवटी. ऑथेल्लो खरा काळा असूच शकत नाही असं कोलरिजसारखा मोठा इंग्रज कवी आणि टीकाकार सांगतो ते वाचून मला आजही राग येतो, तुलाही येऊ दे, पण वाच.

आणि मराठी विसरू नकोस. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच ऑथेल्लो मराठीत आणला, देवलांचं झुंझारराव १८९० चं, नंतर शिरवाडकरांनी केलं. गंमत बघ, झुंझारराव लिहिणाऱ्या देवलांनीच पुढे संशयकल्लोळ लिहिलं. तिथेही एक वस्तू पडते आणि भलत्याच माणसाच्या हाती लागते, रुमालाऐवजी तसबीर, आणि संशयी नवरा फाल्गुनराव पेटतो. एकाच नाटककाराने संशय दोन्ही बाजूंनी, शोकांतिकेत आणि विनोदी नाटकात, हाताळलाय आणि यावर तुमच्या वर्गात कोणी लिहिणार नाही. तू लिही. पण आधी तिसऱ्या अंकापर्यंत ऐकून घे आणि रुमाल कोणामुळे पडला याचं उत्तर मला कळव, तुझं स्वतःचं, टिपेतलं उचललेलं नको.

तुझा,
सर