वाचक विचारतात : पोटॅश तेच, मग उत्पादित वेगळे का?

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीत समावेशन आणि प्रतियोजन या अभिक्रिया सहज समजल्या होत्या. आता मात्र २-ब्रोमोब्युटेनवर पाण्यातील पोटॅशिअम हायड्रॉक्साइडची क्रिया केली तर अल्कोहोल मिळते आणि तेच पोटॅश इथेनॉलमध्ये घेऊन तापवले तर अल्कीन मिळते, असे वाचून गोंधळ उडतो. तक्ते पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग आहे का?
– एक विद्यार्थिनी, गिरगाव, मुंबई

उत्तर : आहे, आणि तो पाठांतरापेक्षा भरवशाचा आहे. अभिक्रिया समोर आली की तिचे नाव आठवण्याआधी इलेक्ट्रॉन कोठून निघून कोठे जातात, हे बाणांनी काढून पाहावे. दहावीतील मिथेन आणि क्लोरीन यांच्या अभिक्रियेत सूर्यप्रकाशामुळे क्लोरीनचा बंध समसमान तुटतो, प्रत्येक अणूकडे एकेक इलेक्ट्रॉन राहतो आणि मुक्त मूलकांची साखळी सुरू होते. म्हणूनच तेथे चार उत्पादितांचे मिश्रण मिळते. तुमच्या प्रश्नात मात्र इलेक्ट्रॉन जोडीनेच फिरतात.

२-ब्रोमोब्युटेनमधील ब्रोमीन बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याला जोडलेला कार्बन अंशतः धनप्रभारित होतो. हायड्रॉक्साइडने आपली इलेक्ट्रॉनांची जोडी थेट या कार्बनला दिली, तर ब्रोमाइड बाहेर पडून २-ब्युटेनॉल तयार होते, हे प्रतियोजन. तीच जोडी शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजनला दिली, तर तो प्रोटॉनच्या रूपाने निघून जातो, मागे राहिलेल्या जोडीतून दुहेरी बंध तयार होतो आणि त्याच वेळी ब्रोमाइड बाहेर पडतो, हे विलोपन. म्हणजे एकच आयन केंद्रकस्नेही (कार्बनला इलेक्ट्रॉनांची जोडी देणारा) म्हणून वागू शकतो, तसाच आम्लारी (प्रोटॉन ओढून घेणारा) म्हणूनही.

यांपैकी कोणती वाट प्रबळ ठरेल, यात द्रावकाचा वाटा फार मोठा असतो आणि पाठ केलेल्या तक्त्यात नेमके हेच हरवते. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी हायड्रॉक्साइडला घट्ट वेढतात, त्यामुळे प्रोटॉन ओढून घेण्याची त्याची ताकद घटते. इथेनॉलमध्ये हे वेढणे सैल असते आणि शिवाय हायड्रॉक्साइडची इथेनॉलशी क्रिया होऊन इथॉक्साइड हा तीव्र आम्लारी काही प्रमाणात तयार होतो. तापमान वाढवल्यास विलोपनाला आणखी बळ मिळते, कारण त्यात कणांची संख्या आणि पर्यायाने एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, वाढते. तरीही कोणत्याच बाजूला शंभर टक्के निकाल लागत नाही. पुस्तकात लिहिलेले असते ते प्रमुख उत्पादित. अल्कीनमध्येही २-ब्युटीन अधिक आणि १-ब्युटीन कमी मिळते, कारण ज्या दुहेरी बंधावर अल्किल गट जास्त, ते अल्कीन अधिक स्थिर असते. हा झाइत्सेव्हचा नियम.

प्रतियोजनाच्या दोन तऱ्हा १९३० च्या दशकात ह्यूज आणि इंगोल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी लंडनमध्ये अभिक्रियेचा वेग मोजून स्पष्ट केल्या. मिथिल ब्रोमाइडच्या बाबतीत वेग हॅलाइड आणि हायड्रॉक्साइड या दोहोंच्या संहतीवर अवलंबून असतो, कारण ब्रोमाइड सुटत असतानाच हायड्रॉक्साइड मागच्या बाजूने जोडला जातो, ही एसएन२ (एस म्हणजे प्रतियोजन, एन म्हणजे केंद्रकस्नेही). टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडमध्ये तीन मिथिल गटांनी ही मागची बाजू अडवलेली असते. तेथे आधी ब्रोमाइड संथपणे सुटून कार्बोकॅटायन (धनप्रभारित कार्बन असलेला आयन) तयार होतो, म्हणून वेग केवळ हॅलाइडच्या संहतीवर ठरतो; ही एसएन१. नावातील १ आणि २ हे आकडे पायऱ्यांची संख्या सांगतात असे अनेक विद्यार्थी समजतात. प्रत्यक्षात, वेग ठरवणाऱ्या पायरीत किती रेणू किंवा आयन भाग घेतात, ते हे आकडे सांगतात.

या विचाराने एक नेहमीचा प्रश्न सोडवून पाहा. टर्शरी ब्युटिल मिथिल ईथर विल्यमसन पद्धतीने, म्हणजे अल्किल हॅलाइडवर अल्कॉक्साइडची क्रिया करून, बनवायचे आहे. टर्शरी ब्युटिल ब्रोमाइड आणि सोडिअम मिथॉक्साइड घेतले, तर गर्दीमुळे मिथॉक्साइडला कार्बनपर्यंत पोहोचता येत नाही, तो प्रोटॉन ओढून घेतो आणि मुख्यतः २-मिथिलप्रोपीन मिळते. उलट सोडिअम टर्शरी ब्युटॉक्साइड आणि मिथिल ब्रोमाइड घेतले, तर मिथिल कार्बनची मागची बाजू मोकळी असते, शिवाय दुहेरी बंध तयार व्हायला शेजारी दुसरा कार्बनच नसतो. त्यामुळे विलोपन संभवत नाही आणि हवे ते ईथर मिळते.