वाचक विचारतात: चर्च, कचरा आणि सौर पॅनेल

प्रश्न: इंदूरमधल्या आमच्या चर्चची मंडळी अधूनमधून आसपासच्या गल्ल्यांची सफाई करतात. आता सभागृहाच्या स्लॅबवर ५ किलोवॅटची सौर यंत्रणा बसवायची आहे. बॅटरी घ्यावी का? आणि सफाईतल्या कचऱ्याचं काय करावं?

उत्तर: बॅटरीचा खर्च टाळा. तुमचा मोठा वापर रविवारी सकाळी. इतर दिवशीची वीज नेट मीटरमधून (येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा मीटर) ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जाते आणि बिलात वळती होते. मात्र वीज गेली की पॅनेलची वीज या जाळ्याला जोडणारा ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद पडतो, तारांवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून. तेव्हा माइक आणि चार पंख्यांपुरता जुना बॅटरी-इन्व्हर्टर असेल तर तो राहू द्या.

साधारण ५०० चौरस फूट मोकळी जागा लागेल. रोज सरासरी २० युनिट धरा. पॅनेल दक्षिणेकडे, सुमारे २२ अंश कलते. खरा घात करते ती सावली. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे मनोऱ्याची सावली एकावर पडली तरी सगळ्या माळेची वीज घटू शकते. डिसेंबरात सकाळी ९ आणि दुपारी ३ वाजता सावलीची कड स्लॅबवर खडूने आखा, मगच आराखडा पक्का करा.

बोअरच्या जड पाण्याने पॅनेल धुतले तर क्षारांचे डाग धरतात. नळाचं पाणी, मऊ फडकं, तेही उन्हाआधी. घरगुती छतांसाठीचं केंद्राचं अनुदान चर्चला लागू नाही, हे वर्गणी काढतानाच सांगा.

कचऱ्याचं म्हणाल, तर ओला-सुका जागेवरच वेगळा करा, काच आणि सुया निराळ्या डब्यात. गाडीची वेळ आदल्या दिवशीच ठरवा. रात्रभर पडलेली पोती कुत्री फाडतात. पाला जाळू नका, आवारात खड्डा करून कुजवा.