कागदपत्रांचे इमोजी कामाच्या मेसेजमध्ये वापरावेत का, आणि कोणता कशासाठी?

तुम्ही विचारलंय की 📄 📂 🧾 असले इमोजी कामाच्या मेसेजमध्ये टाकले तर पोरकट दिसतं का, आणि नेमका कोणता कशासाठी टाकायचा. माझ्या मते जरूर टाका, फक्त प्रत्येकाच्या शेजारी त्या कागदाचं नाव अक्षरांत लिहा.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं काम करतो. आरटीसी उतारा (म्हणजे कर्नाटकातला सातबारा), जात-उत्पन्नाचे दाखले, रेशन कार्डात नाव चढवणं, पोरांची शिष्यवृत्ती. काहींची जमीन हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडातही असते, ते सातबारा आणि आरटीसी दोन्ही घेऊन येतात. "काय काय आणू?" हा प्रश्न मला दिवसभर येतो. आमच्याकडची पंचाईत अशी की मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. त्याच घरात कन्नड शाळेत शिकलेली नातवंडं आहेत, त्यांना मराठी वाचताना अडखळायला होतं. आणि फोन पुष्कळदा घरात एकच. अशा घरात मेसेज कुणाच्याही हातात पडो, आधारचं कार्ड, बँकेचं पासबुक, पावती ही चित्रं सगळ्यांना कळतात. पंचायतीकडून कन्नडमध्ये आलेल्या मेसेजात 🧾 दिसला की आजोबा ओळखतात की घरपट्टीचं काहीतरी आहे, आणि कुणाकडून तरी वाचून घेतात. तो मेसेज तसाच पडून राहत नाही, हे माझ्या दृष्टीने फार मोठं काम आहे.

माझा मेसेज साधारण असा असतो: "उद्या ११ वाजता या. 🪪 आधार, 📄 आरटीसी उतारा, 📒 पासबुक. ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही."

कोणता कशासाठी, याचा कुठे कायदा नाही. तुम्ही एकदा ठरवा आणि मग बदलू नका, एवढंच महत्त्वाचं. मी 📄 एका सुट्या कागदासाठी वापरतो. 📃 हा कोपरा वळलेला कागदही आहे, पण लहान स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे मी तो सोडूनच दिला. 📋 म्हणजे यादी, 📝 म्हणजे अजून भरायचा किंवा सही करायचा अर्ज, 📎 म्हणजे सोबत फाईल जोडली आहे. उघडी फाईल 📂 म्हणजे काम चालू, मिटलेली 📁 म्हणजे झालं. ही खूण लोकांना न सांगताच कळते. 📜 ही गुंडाळी मी कधी जुन्या मोडी कागदांसाठी वापरतो, एरवी ती लग्नपत्रिकेत आणि मानपत्रात शोभते.

नाव लिहायचा आग्रह का, तर मेसेजबरोबर चित्र जात नाही, त्याचा क्रमांक जातो आणि चित्र समोरच्या फोनमधलं उमटतं. 📄, 📋, 📝 हे २०१० पासून युनिकोडमध्ये, म्हणजे या क्रमांकांच्या जगभरच्या यादीत आहेत, म्हणून ते जवळपास सगळीकडे दिसतात. 🧾 आला २०१८ साली आणि 🪪 तर २०२१ साली. जुन्या हँडसेटवर तिथे नुसता रिकामा चौकोन दिसतो. शेजारी "आधार" लिहिलेलं असेल तर काही बिघडत नाही. शिवाय ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ते फोनकडून मेसेज वाचून घेतात, आणि फोन प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने वाचतो. शोभेसाठी एकामागे एक पाच 📄 लावलेत तर तेच नाव पाचदा ऐकावं लागतं. हे माझ्या एका गिऱ्हाईकाने सांगितलं तेव्हापासून मी एका कागदाला एकच इमोजी लावतो.

आमच्या तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे नेट गेलं की साधा एसएमएसच करावा लागतो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं बसतात, काना-मात्राही त्यात मोजले जातात, आणि बहुतेक इमोजी दोन जागा खातो. तिथे सरळ शब्दच लिहा.

आता जिथे मी खरंच सावध राहायला सांगेन ते. कुणी करारपत्राचा, सौद्याचा किंवा हमीचा फोटो पाठवला की त्याला नुसता इमोजी पाठवून उत्तर देऊ नका. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात २०२१ साली धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो पाठवून करार पक्का करायला सांगितलं, शेतकऱ्याने 👍 पाठवला. पुढे माल पोचला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की कागद मिळाला एवढंच मला सांगायचं होतं. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा सही म्हणून धरला आणि त्याला सुमारे ८२,००० कॅनडियन डॉलर भरायला लावले. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेले करार मान्य करतं. ऊस असो, काजू असो, निपाणीकडचा तंबाखू असो, दराचा कागद आला तर "कागद मिळाला, वाचून कळवतो" असं सरळ लिहा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी हे सांगतो.

आणि उलट बाजूने येणारे मेसेजही पारखून घ्या. 📄 आणि 🧾 लावून, वर सरकारी योजनेचं किंवा गाडीच्या दंडाचं नाव घालून फाईल पाठवणारे फसवे मेसेज खूप फिरतात. इमोजी कुणालाही टाकता येतो, त्यामुळे फाईलच्या नावाचा शेवट बघा. शेवटी एपीके (.apk) असेल तर तो कागद नाही, फोनमध्ये घुसणारं ॲप आहे. उघडू नका, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर तसं काही आलंय का ते स्वतः बघून पुसून टाका.