श्रमविभागणी की श्रमविभाजन?

प्रश्न असा आलाय की 'श्रमविभागणी' बरोबर की 'श्रमविभाजन', आणि मुलीच्या नोट्समधलं 'औद्योगिक क्रांतीत श्रमविभागणी सुरू झाली' हे वाक्य पटत नाही, कारण सुतार, लोहार, कुंभार तर कधीपासूनचे आहेत.

शंका अगदी रास्त आहे. शब्द दोन्ही चालतात, पुस्तकांत श्रमविभागणी जास्त दिसतं आणि बहुतेक लोक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. पण मला मनापासून वाटतं की आपल्याकडे दोन शब्द आहेत तर ते वेगळे वापरावेत, कारण इथे गोष्टीही दोन आहेत. विभागणी म्हटलं की माणसांत वाटून देणं आठवतं, खर्चाची विभागणी, घरकामाची विभागणी. विभाजन म्हटलं की एक अखंड गोष्ट फुटते, जसं पेशीविभाजन.

आता कुंभार मडकं घडवतो, सुतार नांगर करतो, ही झाली विभागणी, प्रत्येकाच्या हातात अख्खी वस्तू आहे. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने 1776 मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं ते मात्र वेगळं आहे. तिथे एक जण तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा कापतो, चौथा टोक काढतो, टाचणीचं डोकं करायलाच दोन-तीन कामं, मग पांढरा मुलामा, शेवटी कागदात खोचणं, अशी साधारण 18 कामं. एकट्याने सगळं केलं तर दिवसाला 20 टाचण्याही मुश्किल, आणि 10 जण मिळून 48,000 करत होते, म्हणजे माणशी 4,800! हे विभाजन, कारण इथे कामच फुटलंय. आणि यात वाफेचं इंजिन कुठेच नाही हे लक्षात घ्या, मशीन बेताचीच होती, बहुतेक काम हाताचंच.

मशीनचा नंबर नंतर लागला असं बऱ्याच ठिकाणी दिसतं, कारण काम एवढं बारीक झालं की तेवढंच करणारं यंत्र बनवणं सोपं जातं. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत जहाजाच्या कप्प्या बनायच्या, तिथे 19व्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता मार्क ब्रुनेलची यंत्रं आली, एकेक यंत्र कप्पीचं एकेकच काम करणारं, आणि 110 कुशल कारागिरांचं काम 10 साधी माणसं करू लागली.

कुंभाराचंच बघायचं तर जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराने 1769 मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये एट्रुरिया नावाचा कारखाना सुरू केला, तिथे चाकावरचा वेगळा, कपाला कान लावणारा वेगळा, फुलं रंगवणारा वेगळा. हेही कुंभारकामच, पण यातल्या कोणालाही 'हा कप मी केला' असं म्हणता येणार नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. पुढे 1832 मध्ये इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने पैशाची बाजू दाखवली, की काम फोडलं की अवघड तुकड्यालाच कुशल माणसाची मजुरी द्यावी लागते, सोपे तुकडे बायका-मुलांकडून स्वस्तात होतात. म्हणजे फायदा नुसत्या वेगाचा नव्हता.

बलुतेदारांचं उदाहरण देताना मात्र जपून. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्येच मांडलंय की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. वेजवुडकडचा माणूस निदान कागदावर तरी दुसरं काम धरू शकत होता, आपल्याकडे काम जन्मावरून ठरायचं आणि वर उच्चनीचता. मराठीत 'श्रम'च्या जागी 'श्रमिक' केलं की केवढा अर्थ बदलतो बघा, म्हणून बलुतेदारीला सरळ श्रमविभागणी म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

तर नोट्समधलं वाक्य मी असं करेन: 'धंद्यांची विभागणी आधीपासून होती, औद्योगिक क्रांतीच्या काळात एकाच वस्तूच्या कामाचं बारीक विभाजन करण्याची पद्धत कारखान्यांतून पसरली.' परीक्षेत 'श्रमविभागणी' हाच शब्द अपेक्षित असेल तर तो कंसात लिहायला सांगा, मार्क जायला नकोत.