डिसेंबरअखेरचे सोलापूर

प्रश्न : आमच्या शाळेच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिला जातो. ९ डिसेंबरला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची पुण्यतिथी आणि १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन आम्ही आवर्जून पाळतो. डिसेंबरच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत आपल्या जिल्ह्याचा म्हणावा असा एखादा दिवस आहे का?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : आहेत, आणि एक नव्हे, तीन आहेत. दिनदर्शिकेत ते सोलापूरच्या नावाने सापडत नाहीत, कारण त्या तारखांच्या घटना अन्यत्र घडल्या. पण तुम्ही पाळता त्या दिवसांचेही तसेच आहे. डॉ. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये वारले आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १९३१ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली, तरीही हे दिवस आपलेच आहेत.

सर्वांत जवळचा दिवस मला २४ डिसेंबर वाटतो. साने गुरुजींचा जन्म १८९९ साली या तारखेला कोकणातील पालगड येथे झाला. त्यांच्या आयुष्यातील एक मोठा लढा मात्र आपल्या पंढरपुरात झाला. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्याच समाजातील वारकऱ्याला विठ्ठलाच्या गाभाऱ्यापर्यंत जाता येत नव्हते. ही बंदी उठावी म्हणून गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागे केले, मग १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभले, आणि मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे ठरल्यावर १० मे रोजी ते सोडले. फळ्यावर केवळ ‘साने गुरुजी जयंती’ एवढेच लिहू नये. पंढरपूरचे हे दहा दिवसही लिहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्याआधी चार दिवस, २० डिसेंबरला, गाडगेबाबांची पुण्यतिथी येते. १९५६ साली अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. मंदिराचे दार ज्यांना बंद होते, त्या यात्रेकरूंना पंढरपुरात मुक्कामाला हक्काचे छप्पर मिळावे म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

तिसरा दिवस २३ डिसेंबर. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत उभारलेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी १९४० साली या दिवशी बंगळुरात स्थापन झाली. पुढे महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, सरकारने हा कारखाना आपल्या हाती घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स त्यातूनच घडली. वालचंदांचा जन्मदिवसही २३ तारखेचाच, पण तो नोव्हेंबरातला, १८८२ सालचा. फळ्यावर महिना लिहिताना तेवढी काळजी घ्यावी.